पाण्याखालची सोयरीक

"हितपासून त्या खांबापर्यंत सगलं आपलं," बा काठी फिरवत म्हणाला.

बाळाराम पाटलांनी कपाळावर हात धरून बघितलं. बांधाच्या खाली दूरवर चिखल पसरला होता आणि दुपारच्या उन्हात चकाकत होता. मध्येच एक वेळूचा खांब उभा होता, त्याच्यावर बगळा बसला होता.

"आन् खांबाच्या पल्याड?"

"पल्याड आमच्या चुलत्याचं. आन् त्याच्या पल्याड..." बा जरा अडखळला, कारण त्याच्या पलीकडे समुद्र होता. "त्याच्या पल्याड सरकारी."

"नांगरट झालीय वाटतं."

"झाली. चांगला खोल घातलाय."

"ह्ये खेकडे लई दिसतात."

"जमीन जिवंत हाय, पाटील. मेल्या जमिनीत खेकडा राहत नाय."

पाटलांनी मान डोलावली. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा दामोदर उभा होता, आणि त्या दोघांच्या मागे, आपला ह्या सगळ्याशी काही संबंध नाही असा चेहरा करून, लखमामामा. लखमामामा माझ्या आईचा चुलतभाऊ. सोयरिकी जुळवायच्या आणि दोन्ही घरी जेवायचं हा त्याचा उद्योग. पाहुण्यांना डोंगराकडच्या त्यांच्या गावाहून आमच्या खाडीकाठच्या गावात तोच घेऊन आला होता.

मी पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर गेले. नांगरट खोल होती ह्यात खोटं काही नव्हतं. आदल्या दिवशीच्या ओहोटीला बानं शेजारच्यांचा बैल मागून आणला होता. बैलाला अक्कल होती, तो चिखलात उतरला नाही. मग माझा भाऊ मोरेश्वर आणि मी असे दोघं नांगराला जुंपलो आणि बानं मागून नांगर दाबला. त्याच्या आधी चिखलात उगवलेली तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं उपटून टाकली होती. मधल्या दोन भरत्यांनी निम्मी नांगरट पुसली होती, तरी पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरली होती.

ही जमीन खरोखरच आमची होती. मी सहावीत असताना उधाणाच्या भरतीला गावाचा खारबांध फुटला. बांधाला भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन उतरायचा आणि खांड बुजेपर्यंत गावात कोणी घरी बसायचं नाही, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या वर्षीही माणसं पाट्या घेऊन निघाली होती. तेवढ्यात जीप आली. जीपमधला साहेब म्हणाला, "हात लावू नका. योजना मंजूर आहे. पक्का दगडी बांध येतोय, समुद्र पार मागे हटवणार आहोत." पक्का बांध म्हटल्यावर चिखल कोण उचलतो? सगळ्यांनी पाट्या उपड्या घातल्या आणि त्यांच्यावर बसून विड्या ओढल्या. समुद्राला मात्र थांबायला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी एक साहेब यायचा, बांधावरच्या दगडांवर लाल रंगाचे पट्टे मारायचा, बांधाच्या कागदांवर अंगठे घ्यायचा आणि आमच्याकडे जेवून जायचा. शेतं पाण्याखाली गेली, माणसं मिठागरावर मजुरीला लागली. पण हक्क कोणी सोडला नाही. उद्या जमीन वर आली तर कोणाची कुठली हे कळायला नको? म्हणून प्रत्येकानं आपापल्या हद्दीवर वेळू रोवून ठेवले होते. आणि त्या वेळूंवरून भांडणं व्हायची. तू माझ्यात हातभर सरकलास, असं म्हणत आमच्या चुलत्यानं एकदा बाच्या अंगावर कोयता उगारला होता, तेव्हा दोघांच्याही कमरेपर्यंत पाणी होतं.

अशा गावात मुलगी कोण देणार? मोरेश्वरची लग्नं चार ठिकाणी मोडली. मग लखमामामानं साट्यालोट्याची सोयरीक आणली. बाळाराम पाटलांची अनसूया मोरेश्वरला, आणि मी दामोदरला. साट्यालोट्यात एक बरं असतं, कोणी कोणाला टोमणा मारायच्या भानगडीत पडत नाही. इथं मारला तर तिथं आपल्या मुलीला त्याचं उत्तर मिळतं.

मला काय हवं होतं ते सांगते. मला लावणी करायची होती. आपल्या शेतात, आपल्या हातानं. बांध फुटला तेव्हा मी लहान होते, पुढच्या वर्षी लावणीला घेऊ असं आई म्हणाली होती, आणि ते पुढचं वर्ष आलंच नाही. दुसऱ्यांच्या शेतात मी मजुरीनं पुष्कळ भात लावलं. पण संध्याकाळी बांधावर उभं राहून ‘हे माझं’ असं म्हणता येत नसेल तर ती नुसती कंबरदुखी असते.

दामोदरनं तांब्या घेताना माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या पायांकडे बघितलं. त्याच्या नखांत लाल माती होती. कोरडी, गोड्या पाण्याची, डोंगराखालची माती. मला तो मुलगा आवडला तो त्या मातीमुळे, हे त्याला मी पुढं सांगितलं तेव्हा त्याला काही फार बरं वाटलं नाही.

बानं दिवस हिशेबानं निवडला होता. अष्टमी. भांगाचे दिवस, म्हणजे भरतीला जोर नाही, आणि भर दुपारी ओहोटी. पाहुण्यांनी यायचं, जमीन बघायची, जेवायचं आणि दुपारच्या एसटीनं जायचं. पाणी आत यायचं ते त्यांची पाठ वळल्यावर.

सगळं ठरल्यासारखं झालं. आईनं कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. तांदूळ विकतचा होता, तो घरचाच असल्याचं बानं तीनतीनदा सांगितलं. जेवून पाहुणे फाट्यावर गेले. आमच्या फाट्यावर एसटी दिवसातून दोनदा यायची, म्हणजे भरतीइतक्याच वेळा. पण भरती चुकत नसे.

त्या दिवशी एसटी आली नाही. ऊन कलल्यावर पाहुणे परत आमच्या ओटीवर आले.

बाचा चेहरा उतरला. त्यानं पाहुण्यांना घरामागे नेलं आणि दुधीचा वेल दाखवला. मग शेळी दाखवली. मग शेळीची पिल्लं एकेक करून उचलून दाखवली. मोरेश्वर तर फाट्यावरून हललाच नव्हता, एसटी नाही तर एखादा ट्रक मिळतो का बघत होता. आईनं चहा केला, तो संपल्यावर पुन्हा चहा केला. पण माणसाला किती वेळ शेळी दाखवणार? बाळाराम पाटील पुढच्या ओटीवर आले, आणि मी आतून ऐकलं, खांडीतून पाणी खळखळत आत येत होतं.

पाटील उठले आणि बांधावर जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. दुपारची नांगरट दिसेनाशी झाली होती. खेकडे गेले होते. वेळूच्या खांबाभोवती पाणी गोल फिरत होतं आणि आमच्या पायांकडे सरकत होतं.

लखमामामा आभाळाकडे बघत होता.

"ह्ये काय?" पाटलांनी विचारलं.

बानं काठीनं पाण्याकडे दाखवलं. "पानी सोडलंय शेताला," तो म्हणाला.

"हां."

"नांगरट झाली ना. मग पानी सोडायला लागतं."

"कोन सोडतं?"

"आपोआपच येतं. आमच्या हितं सोय तशी चांगली हाय."

"रोज येतं?"

"दिवसातून दोनदा."

पाटलांनी खांबाभोवतीचं पाणी निरखलं. मग म्हणाले, "आन् जातं?"

"जातं की."

"पुरं जातं?"

"काम झालं का जातं. आता आलं ते रातच्याला गेलं."

"म्हंजे जमीन परत दिसते."

"दिसते तर. दुपारी तुमी बघितलीत ना."

हे पाटलांनी पुन्हा एकदा विचारलं. जातं ना पण? बा पुन्हा म्हणाला, जातं. ते एवढं काय विचारताहेत हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, चेष्टा चालली आहे आणि आता सगळं मोडणार. लाल माती गेली, लावणी गेली, मोरेश्वरचंही पाचव्यांदा गेलं.

पाटील वाकले. त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेवर ठेवली.

"खारट लागतंय."

बानं मामाकडे बघितलं, मामानं आभाळ सोडलं नाही.

"खत घातलंय," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. आमच्यात अशा बैठकीत मुलीनं तोंड उघडायची रीत नव्हती. आईनं माझा दंड धरला तो आजही आठवतो.

"मिठाचं खत?" पाटलांनी विचारलं.

"हां. आमच्याकडे तेच चालतं. मासलीही येते मग शेतात, वेगलं कालवन शोधायला लागत नाय."

पाटलांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण ते कुठं तरी जवळच असावं. मग ते बाच्याकडे वळले आणि म्हणाले, "पोर हुशार हाय. आमच्या घरात अशी पायजेच. मना पसंत हाय. लगीन मात्र पावसाच्या आधी व्हायला पायजे."

त्या रात्री बा अंथरुणावर पडल्या पडल्या हसत होता. डोंगराकडची माणसं भोळी असतात, असं तो आईला सांगत होता. त्यांना भरती म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही.

मग आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. म्हणजे बा, आई आणि मोरेश्वर गेले. मुलीनं सासर आधी बघायची पद्धत नव्हती. मी हट्ट धरला. आईच्या डोक्यावरचं ओझं कोण उचलणार, असं काहीतरी निमित्त काढून मी निघालेच. नदीच्या काठानं सरळ रस्ता होता म्हणे, पण लखमामामानं आम्हाला डोंगरावरून नेलं. रस्त्याला काम निघालंय, गाड्या बंद आहेत, असं तो म्हणाला. बाचा गुडघा सुजला. माथ्यावर पोचल्यावर मात्र तो गुडघा विसरला.

खाली खोरं होतं. नदी, नदीच्या दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं, खाचरांच्या कडेला आंबे आणि फणस. मधोमध बाळाराम पाटलांचं कौलारू घर, आणि परड्यात विहीर. मी त्या विहिरीचं पाणी प्याले आणि दुसऱ्यांदा मागून प्याले. बानं खाचरातलं ढेकूळ उचललं, हातानं फोडलं आणि हुंगलं. बाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फसवाफसवी करायला आलेला माणूस ढेकूळ हुंगून रडतो, हे मी त्याच दिवशी बघितलं.

एकच गोष्ट वेगळी होती. डोंगराच्या अंगाला, सगळीकडे एकाच उंचीवर, झाडांच्या बुंध्यांना आणि कातळांना चुन्याचे पांढरे पट्टे मारले होते. खोऱ्याच्या चारही बाजूंनी ती रेघ फिरली होती आणि घर, खाचरं, देऊळ सगळं तिच्या खाली होतं.

"ही रेघ कसली?" बानं विचारलं.

"देवीची," पाटील म्हणाले. "तिच्या वर देवीचं, खाली आमचं."

बानं चप्पल काढून रेघेला हात जोडले.

वैशाखात दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. अनसूया आमच्याकडे गेली, मी तिच्या घरी आले. अनसूयेनं दुसऱ्याच दिवशी दारात आलेलं पाणी बघितलं आणि म्हणे एवढंच विचारलं, "ह्ये जातंय ना?" जातं म्हटल्यावर ती भाकरी करायला बसली. पुढं तिनं बाच्या शेतात, दोन वेळूंच्या मध्ये, जाळं लावलं. बांध फुटल्यावर त्या जमिनीतून पहिलं पीक तिनं काढलं, कोळंबीचं.

मला चार दिवसांत विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं. नदीच्या वळणापलीकडे धरणाची भिंत उभी आहे. शेवटची फट यंदाच बुजवली आहे. ती रेघ देवीची नाही, पाण्याची आहे. पाणी तिथपर्यंत येणार.

ह्यावर मी काय केलं? मी हसले. पोट धरून हसले. बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोन सांगतं? साहेब सांगतो?" मी विचारलं.

"हां, साहेबच सांगतो."

"जीपमधनं येतो? दगडाला रंग मारतो?"

"हां."

"मग काय होत नाय," मी म्हणाले. "आमच्याकडं मी सहावीत असल्यापासून रंग मारतात. काय होत नाय."

सरकार एखादं काम पुरं करतं ह्यावर माझा विश्वासच नव्हता. तो कुठून असणार? मी ज्या गावात वाढले तिथं सरकारनं एक दगड दुसऱ्या दगडावर ठेवला नव्हता, फक्त रंगवला होता. त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी इतक्या खात्रीनं बोलत होतं. सासूबाईंना बरं वाटलं. दामोदरला बरं वाटलं. शेजारच्या दोन घरांनी बांधलेलं बोचकं सोडलं. जीप येऊन भोंग्यावरून गाव खाली करा म्हणून ओरडून गेली, तेव्हा मी परड्यातूनच तिला हात दाखवला. फक्त माझे सासरे, मामंजी, काही बोलायचे नाहीत. पेरणी करू म्हणाले, एवढंच.

आषाढात मी लावणी केली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाऊस पाठीवर, पाय मऊ चिखलात आणि हातात रोपांची मूठ. तो चिखल खारट नव्हता. शेवटचं रोप लावून मी बांधावर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे माझं." दामोदर हसला. मी हसले नाही. त्या दिवसाइतकी सुखी मी पुन्हा झाले नाही, आणि हे म्हणताना मला काही फार मोठेपणा वाटत नाही.

सरकारनं माझ्या उभ्या आयुष्यात एकच काम वेळेवर केलं, आणि ते हे होतं.

श्रावणात पाणी आलं. समुद्राचं पाणी आवाज करत येतं, हे गुपचूप आलं. सकाळी नदी पात्राबाहेर होती. संध्याकाळी खालचं खाचर गेलं. लोकांनी कौलं उतरवायला घेतली, भांडी वर डोंगरावर नेली. मी कौलं उतरवली नाहीत. मी माझ्या खाचराच्या बांधावर उभी होते. रोपांचे शेंडे पाण्यावर दिसत होते आणि वाऱ्यानं हलत होते. खुळ्यासारखी मी वाट बघत होते. पाणी आलं की जातं, हे माझ्या रक्तात होतं. दुपारी नाही गेलं, म्हणजे रात्री जाईल. रात्री नाही गेलं, म्हणजे सकाळी.

सकाळी शेंडे दिसत नव्हते.

मामंजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डोक्यावर घोंगडी, हातात देव बांधलेलं फडकं. माझ्या अंगाची आग झाली होती. सासऱ्याशी कसं बोलायचं ते मी विसरले.

"मामंजी," मी म्हणाले, "शेताला पानी सोडलंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी बांधावर जवळपास कुठंतरी असलेलं हसू आता कुठंच नव्हतं.

"हां पोरी," ते म्हणाले. "पन ह्ये परत जात नाय."

मग देवांचं फडकं काखेत मारून म्हणाले, "तुझ्या बापाचं बघून मना हेवा वाटला. त्याचं दिवसातून दोनदा जातंय. म्हनून पोरगी दिली तितं."

म्हणजे त्यांना भरती माहीत होती. पहिल्यापासून. आणि लखमामामाला दोन्ही पाणी माहीत होती, तो दोन्हीकडे पोटभर जेवला होता. चिडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. खत घातलंय असं मीच म्हणाले होते.

त्यानंतरची काही वर्षं आम्ही डोंगरावर, रेघेच्या वर, देवीच्या हद्दीत पत्र्याच्या छपराखाली काढली. धरणात जमीन गेली त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणार होती. एक दिवस निरोप आला, मिळाली. बघायला या. जीप आम्हाला घेऊन निघाली आणि मला ओळखीची वळणं दिसू लागली. फाटा. मिठागर. आमच्या घराचा ओटा.

साहेबांनी आम्हाला बांधावर उभं केलं. ओहोटी होती. साहेबांना तिथी कळत नसावी, त्यांच्या शिपायाला कळत असणार. त्यांनी छत्रीनं दाखवलं, "इथपासून त्या खांबापर्यंत तुमचं."

बा घरातून धावत आला. पाठोपाठ मोरेश्वर.

"ती माझी जमीन हाय," बा म्हणाला.

"तुमची होती," साहेब शांतपणे म्हणाले. "दगडी बांधासाठी तुम्ही सगळ्यांनी ती योजनेला दिली. अंगठे आहेत."

"बांध कुठं हाय मग?"

"बांध होणार आहे. आत्ता ही जमीन समुद्राची. समुद्राकडून आम्ही घेणार, आणि ह्यांना देणार."

बानं व्याह्याकडे बघितलं. व्याह्यानं बाच्याकडे बघितलं. साट्यालोट्यात काही वाटून घ्यायचं राहिलं असेल तर ते आता पुरं झालं होतं. साहेब बांधावरून दोन पावलं खाली उतरून योजनेविषयी बोलत राहिले. समुद्र किती मागे हटणार, आत गोडं पाणी कसं खेळणार, भात किती पिकणार. बोलता बोलता त्यांनी खाली बघितलं. बुटांत पाणी शिरलं होतं.

"हे काय?" ते म्हणाले.

बाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "पानी सोडलंय शेताला."

मामंजी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. डोळे पुसत पुसत हसले. मग साहेबांना म्हणाले, "लावा माझं नाव. घेतो मी ही जमीन."

"कशाला घेता, पाटील?" बा कळवळून म्हणाला. "पान्याखाली हाय ती. तुमाला म्हाईत हाय ना."

"म्हाईत हाय," मामंजी म्हणाले. "पन दिसते तरी."

आम्ही माहेरच्या गावात राहायला आलो. मामंजी आणि बा ओहोटीला बांधावर बसायचे आणि खांब कोणी कुठं सरकवला ह्यावरून भांडायचे. दोघंही त्याच बांधावर म्हातारे होऊन गेले. दामोदर मिठागरावर लागला आणि त्याच्या नखांतली लाल माती गेली ती गेलीच. त्या जमिनीत मी एक रोपसुद्धा लावलं नाही. पण दिवसातून दोनदा ती वर येते आणि दिवसातून दोनदा मी ती बघून येते. डोंगराकडचं माझं खाचर मी एकदाच लावलं, ते पुन्हा मला दिसलं नाही.

परवा पुन्हा एक साहेब आला. हा तरुण होता, जेवायला थांबला नाही. समुद्रात भराव घालून मोठा धक्का बांधायचा आहे, भरती मग गावात चढेल, म्हणाला. मोरेश्वरचा मुलगा माझ्या शेजारी उभा राहून हसत होता.

"काय होत नाय, आत्या," तो म्हणाला. "जल्मापासून ऐकतोय मी. रंग मारून जातात."

एरवी मीही हसले असते. पण साहेबाबरोबरचा माणूस बादली घेऊन बांधापाशी थांबलाच नाही. तो आमच्या अंगणात आला आणि ओट्याच्या वर, दाराच्या चौकटीवर, त्यानं पट्टा ओढला. बादलीत ह्या खेपेला लाल रंग नव्हता. चुना होता.

"होतं," मी पोराला म्हणाले, आणि कौलं उतरवायला शिडी आणायला सांगितली.